फुगे चाळीस फुटले, पण पेला उचलत नाही

पत्र:

मॅडम, नमस्कार. माझ्या वडिलांना, आम्ही त्यांना नाना म्हणतो, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पॅरालिसिसचा अटॅक आला. वय ६३. गाव निफाड तालुक्यात, घरची चार एकर द्राक्षबाग. उजवी बाजू गेली, बोलणंही अडखळतं. ११ दिवस हॉस्पिटलमध्ये होते, आता माझ्याकडे इंदिरानगरला आहेत. पाय बऱ्यापैकी आलाय, काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. हात मात्र खांद्यातून थोडाच उचलतो. मूठ वळते, उघडताना दोन बोटं जेमतेम हलतात.

रोज फिजिओ चालू आहे. आता हॉस्पिटलमध्ये व्हीआरचं मशीन आलंय. डोळ्यांवर मोठा चष्मा लावून खेळ खेळायचे, त्याने हात लवकर सुधारेल असं सांगितलं. १५ सिटिंगचे १२ हजार. पाच सिटिंग झाल्या. पहिल्या दिवशी नानांनी १२ फुगे फोडले, पाचव्या दिवशी ४०. तिथले सगळे खूश. पण घरी पाण्याचा पेला काही उचलत नाही. दुसऱ्या सिटिंगला चक्कर येऊन उलटीही झाली. परवापासून नाना म्हणतात, 'मला पोरांच्या खेळात बसवू नका.'

आई म्हणते हे सगळं सोडा, गावी नेऊन मालिश करू. भाऊ म्हणतो आपणच हेडसेट विकत घेऊ, घरी दिवसभर करतील. इकडे बागेची छाटणी सुरू झाली आहे आणि नानांचा जीव तिकडे. माझ्या नोकरीमुळे रजाही संपत आल्यात. पैसे वाया चाललेत का? नानांना जबरदस्ती करू का?

– एक मुलगी, इंदिरानगर, नाशिक


उत्तर:

ताई, तुमचं पत्र वाचून खाली ठेवलं आणि पहिला प्रश्न मनात आला तो हा: ते ४० फुगे नानांनी कसे फोडले?

पुढच्या सिटिंगला एक करा. पडद्याकडे पाठ करा आणि नानांच्या उजव्या अंगाला, थोडं बाजूला उभ्या राहा. फुगा समोर आला की काय होतं ते बघा. हात पुढे जातो, की कमरेतून अख्खं धड पुढे झुकतं आणि हात नुसता त्याच्याबरोबर ओढला जातो? खांदा कानाकडे चढतो का? कोपर सरळ होतं का? मध्येच डावा हात येऊन काम उरकून जातो का?

चष्म्यातल्या खेळाला साधारण एवढंच कळतं की हात फुग्यापाशी पोचला. तो कशाच्या जोरावर पोचला, हे बऱ्याच खेळांना कळत नाही. माणूस हुशार असतो, आणि शेतकरी माणूस तर अडलेलं काम दुसऱ्या वाटेने काढण्यात तरबेज. एक मार्ग बंद झाला की शरीर दुसरा शोधतं. कंबर झुकवली, खांदा उचकटला, फुगा फुटला. आकडा वाढला, कोपर होतं तिथेच राहिलं. पेला उचलायला मात्र कोपर सरळ व्हावं लागतं आणि मूठ उघडावी लागते. या दोन गोष्टी त्या ४० फुग्यांत झाल्या नसतील, तर घरी त्या दिसणार कुठून?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे फिजिओसाठी एक गृहस्थ यायचे, सातपूरच्या कारखान्यात लेथवर आयुष्य गेलेलं. तेव्हा डोक्यावरचे चष्मे आमच्याकडे आले नव्हते, टीव्हीसमोर हात हलवून खेळायचे खेळ होते. त्यांचा स्कोअर रोज वाढत होता. मी तो वहीत लिहीत होते आणि घरच्यांना कौतुकाने दाखवत होते. तीन आठवडे झाले आणि त्यांच्या बायकोने विचारलं, 'मॅडम, मग शर्टाचं बटण का लागत नाही?' त्या दिवशी मी मोबाईलवर बाजूने व्हिडिओ काढला. कोपर एकदाही सरळ होत नव्हतं. सगळा खेळ ते कमरेतून खेळत होते. तीन आठवडे हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मी आकडा बघत होते. चूक माझीच होती. त्या माणसाच्या सुरुवातीच्या दिवसांतले तीन आठवडे त्यात गेले, आणि ते मला अजून लागतं. त्यानंतर मी कुणाचाही स्कोअर लिहिण्याआधी त्याचं धड खुर्चीच्या पाठीला टेकलेलं आहे की नाही, हे बघते. गरज पडली तर छातीवरून एक रुंद पट्टा सैलसर लावते. फुगे निम्म्यावर येतात, पण ते हाताने फुटतात.

तेव्हा पैसे वाया चाललेत का, याचं उत्तर त्या खोलीत नानांच्या बाजूला उभं राहिल्यावर मिळेल. आणि तिथल्या फिजिओला स्पष्ट विचारा: 'नानांचं धड टेकवून ठेवून खेळ देता येईल का?' चांगला फिजिओ या प्रश्नाने दुखावला जात नाही. तो म्हणेल, बरं झालं विचारलंत.

आता या यंत्राची भानगड मुळात काय आहे ते सांगते, म्हणजे भावालाही समजावता येईल. त्याला वेड्यात काढू नका, त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे.

नानांच्या हाताचे स्नायू, हाडं, शिरा जागच्या जागी आहेत. बिघडलाय तो मेंदूतला हुकूम देणारा भाग. आजूबाजूचा मेंदू ते काम पुन्हा शिकू शकतो, पण शिकतो तो करून करून, शेकडो वेळा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले, ते रोज ४०० ते ६०० वेळा एकच हालचाल करून घेतल्यावर. आणि माणसांचं काय होतं? अमेरिका आणि कॅनडात प्रत्यक्ष फिजिओच्या सिटिंग बसून मोजल्या गेल्या. २००९ साली छापून आलेला आकडा असा, की हाताने एखादं खरं काम करण्याचा सराव एका सिटिंगमध्ये सरासरी ३२ वेळा होतो. बत्तीस! तो आकडा वाचला तेव्हा मी माझ्याकडचंही मोजलं. फार वेगळं निघालं नाही.

याचं कारण आळस नाही. भिंतीकडे बघत 'हात पुढे, हात मागे' असं कुणीही ४०० वेळा करू शकत नाही. कंटाळा येतो, आणि पॅरालिसिसनंतरचा थकवा वेगळाच असतो. व्हीआर कामाला येतं ते नेमकं इथे. फुगा आला की हात आपसूक जातो. माणूस मोजत बसत नाही. फुगा किती लांब ठेवायचा, किती वर, किती वेगाने, हे रोज रोग्याच्या मापाने बदलता येतं. लक्ष दुखण्यावरून हटतं हाही फायदा. सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात नव्वदच्या दशकापासून भाजलेल्या रुग्णांना ड्रेसिंग बदलताना चष्म्यातलं जग दाखवायला सुरुवात झाली, आणि पुढे त्यासाठी खास बर्फाचं जग बनवलं गेलं. रुग्ण त्या बर्फात गोळे फेकण्यात गुंततो आणि जखमेच्या वेदना कमी जाणवतात. म्हणजे हे यंत्र बाजारातलं खूळ नाही, त्याच्यामागे बरीच वर्षं आणि बरीच माणसं खपली आहेत.

मग हात सुधारतो का? जगभरच्या चाचण्या गोळा करून तपासणारी कोक्रेन नावाची संस्था आहे. पॅरालिसिस आणि व्हीआर यावरचा तिचा २०१७ चा आढावा ७२ चाचण्यांचा, २,४७० रुग्णांचा आहे. त्यात डोक्यावरचे चष्मे आणि टीव्हीच्या पडद्यावरचे खेळ, दोन्ही धरलेत. निष्कर्ष असा, की हाताच्या बाबतीत तेवढ्याच वेळाच्या साध्या फिजिओपेक्षा व्हीआर सरस ठरलं नाही. पण नेहमीच्या फिजिओला जोड म्हणून, म्हणजे एकूण सरावाचा वेळ वाढवून दिलं, तेव्हा फायदा दिसला.

तुमच्या १२ हजारांचा निकाल याच वाक्यात आहे. हॉस्पिटलला विचारा, की व्हीआरची २० मिनिटं फिजिओच्या वेळेच्या वर मिळतात, की त्यातूनच कापली जातात? आधी ४५ मिनिटं फिजिओ होत होता आणि आता २५ मिनिटं फिजिओ आणि २० मिनिटं चष्मा असं होत असेल, तर तुम्ही जास्त पैसे देऊन तेवढाच सराव घेताय. वरची २० मिनिटं असतील तर त्याला किंमत आहे.

दुसरी एक चाचणी मला फार आवडते. २०१६ साली प्रसिद्ध झाली, चार देशांत, १४१ रुग्णांवर. सगळ्यांना नुकताच झटका येऊन गेलेला. अर्ध्यांना दोन आठवडे व्हिडिओ गेम दिला, अर्ध्यांना तेवढाच वेळ पत्ते, ठोकळे, बिंगो, चेंडू असले साधे खेळ. दोन्ही गटांचे हात सुधारले आणि दोघांत फरक निघाला नाही. म्हणजे व्हिडिओ गेमने जे दिलं, ते पत्त्यांनीही दिलं. हे आईंना सांगा, त्यांना बरं वाटेल. आणि भावालाही सांगा, कारण हेडसेटच्या खरेदीवर त्याने हाच हिशोब मांडायला हवा.

भावाचा विषय लगेच संपवते. आत्ता हेडसेट घेऊ नका. हजार-दोन हजारात जो मोबाईल घालायचा डबा मिळतो, त्याला मान कुठे वळली एवढंच कळतं, हाताचा त्यात काही संबंध नाही. नानांच्या हातासाठी तो निरुपयोगी. महागडे हेडसेट हात ओळखतात, पण त्यातले विकत मिळणारे खेळ धडधाकट पोरांसाठी बनवलेले असतात. फुगे उजव्या बाजूलाच आणा, हळू आणा, छातीच्या उंचीवर आणा, अशी सोय त्यात क्वचितच असते. शिवाय यंत्राचं वजन साधारण अर्धा किलो, तेही सगळं पुढच्या बाजूला. डोळे पूर्ण झाकलेले, एक पाय कच्चा, आणि तुम्ही कामावर. नाना उठायला गेले आणि पडले तर खुब्याचं हाड मोडेल, आणि आत्तापर्यंतची सगळी मेहनत पाण्यात. भावाला काही करायचंच असेल तर त्याच्यासाठी मी दुसरं काम ठेवलंय, पुढे सांगते.

चक्कर आणि उलटी. डोळ्यांना वाटतं आपण चाललोय, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण खुर्चीत बसलोय, या भांडणात पोट ढवळतं. वणीच्या घाटात गाडी लागते त्यातलाच प्रकार. त्या दिवशी नानांना कोणता खेळ दिला होता ते विचारा. ज्यात आजूबाजूचं जग हलतं, म्हणजे होडी, गाडी, चालण्याचा रस्ता, ते खेळ त्यांना सध्या नकोत. जग स्थिर आणि फक्त फुगा हलतोय, असा द्यायला सांगा. सुरुवात पाच मिनिटांनी, मग थांबून पाणी, मग पुन्हा पाच. जेवून लगेच नको, अगदी उपाशीपोटीही नको. आधी बीपी मोजून घ्यायचं.

पण ताई, हे नीट लक्षात ठेवा. झटका येऊन गेलेल्या माणसाला उलटी झाली की दरवेळी दोष चष्म्यावर टाकून मोकळं व्हायचं नाही. सोबत जोराचं डोकं दुखणं, गुंगी, बोलण्यात किंवा हातापायात नव्याने फरक, तोंड वाकडं होणं, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करून थेट हॉस्पिटल. त्या दिवशीची उलटी न्यूरोच्या डॉक्टरांच्या कानावर घातली आहे का? नसेल तर आजच घाला. नानांना फिट येऊन गेली असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय डोळ्यांवर चष्मा चढवूच नका.

आणखी एक गोष्ट, ती तुम्ही आज रात्री जेवताना बघू शकता. नानांच्या डाव्या मेंदूला मार बसलाय. अशा काही लोकांना दोन्ही डोळ्यांनी उजवीकडचं अर्धं दिसत नाही, आणि ते त्यांना स्वतःला कळतही नाही. आपल्या ताटात चटणी, कोशिंबीर, लिंबू डावीकडे असतं आणि भाजी, आमटी उजवीकडे. नानांच्या ताटात भाजी तशीच राहते का? 'भाजी का नाही खाल्ली' म्हणून ताट फिरवलं की लगेच खातात का? तसं होत असेल तर चष्म्यातले उजवीकडचे फुगे त्यांच्या लेखी नाहीतच, आणि घरातल्या घरात चालतानाही उजवा खांदा दाराच्या चौकटीला आपटत असणार. हे फिजिओला आणि डॉक्टरांना सांगा, त्याची तपासणी वेगळी असते आणि उपायही वेगळे असतात.

आता नानांविषयी. खरं तर पत्र वाचताना माझं मन सगळ्यात जास्त तिथेच अडकलं.

'मला पोरांच्या खेळात बसवू नका' असं ते म्हणाले. हा हट्ट समजू नका. ६३ वर्षांच्या माणसाने आयुष्यभर बाग उभी केली. काडीवरचा कोणता डोळा, म्हणजे कोंब, ठेवायचा, कोणती काडी काढायची, हे त्याच्या बोटांना माहीत. आणि ऐन गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठीच्या छाटणीच्या, दिवसांत तो डोळे झाकून हवेतले फुगे फोडतोय, आणि कानात कुणीतरी इंग्रजीत 'ग्रेट जॉब' म्हणतंय. त्यांना तसं वाटणं साहजिक आहे. त्यात बोलता येत नाही नीट, म्हणजे मनातलं सगळं मनातच. हे एवढं वाक्य बोलायला त्यांना किती कष्ट पडले असतील, विचार करा. तेव्हा जबरदस्ती नको. जबरदस्तीने हलवलेल्या हातातून मेंदू फार काही शिकत नाही. शिकायला माणसाचं लक्ष तिथे असावं लागतं.

मात्र त्यांनी नको म्हटलं म्हणून लगेच बंदही करू नका. आधी त्यांना नीट सांगितलं गेलंय का? चष्मा चढवण्याआधी तो हातात देऊन दाखवला का? काय दिसेल ते मराठीत सांगितलं का? डावा हात वर केला की त्या क्षणी काढणार, असा शब्द दिला का? खेळातला इंग्रजी आवाज बंद करायला सांगा. फिजिओने बाजूला बसून एकेक शब्द बोलावा: 'नाना, पुढे. अजून. सोडा.' बोलणं गेलेल्या माणसाला लांब वाक्यं पेलत नाहीत, छोटे शब्द पोचतात. शिवाय त्यांना सांगा की हा व्यायाम छाटणीची कात्री पुन्हा धरता यावी म्हणून आहे. तसं कुणी सांगितलंच नसेल तर ते बिचारे फुग्यांचं काय करणार?

एवढं करूनही नको म्हणाले तर उरलेल्या दहा सिटिंगचे पैसे फिजिओत वळवून द्या म्हणावं. बरीच हॉस्पिटलं ऐकतात. आणि पैशांची ओढाताण होत असेल तर त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलला आणि आडगावला मराठा विद्या प्रसारक समाजाच्या (मविप्र) वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग आहेत. चष्मा नसला तरी काही बिघडत नाही, सराव सुटता कामा नये.

नाना रात्री झोपत नसतील, जेवण कमी झालं असेल, उगाच रडू येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. झटक्यानंतर साधारण तीनातल्या एका माणसाला नैराश्य येतं. त्यावर औषध आहे, आणि मन उभारी धरेपर्यंत हातही फारसा साथ देत नाही.

घरी काय करायचं ते आता सांगते. हे मी नानांना न बघता लिहितेय, म्हणून तुमच्या फिजिओला वाचून दाखवा आणि तो हो म्हणेल तेवढंच करा.

भावाला सांगा, येत्या रविवारी इंदिरानगरला येताना छाटलेल्या काड्यांचा एक भारा घेऊन ये. बागेत सध्या त्या पायलीला पन्नास पडल्या असतील. करंगळीएवढ्या, बोटाएवढ्या, अंगठ्याएवढ्या, वेगवेगळ्या जाडीच्या, वीतभर लांब. टोकं घासून बोथट करून आण म्हणावं. नानांना हाताच्या, पाठीच्या खुर्चीत बसवा, समोर छातीच्या जरा खाली येईल असं टेबल. पाठ टेकलेली, उजवं कोपर टेबलावर. काड्या समोर पसरा आणि त्यांना जाडीप्रमाणे वेगळ्या करायला द्या. सुरुवातीला उजव्या हाताने नुसतं ढकलायचं, जाड इकडे, बारीक तिकडे. डावा हात मांडीवर. हात सरकत नसेल तर हाताखाली एक सुती फडकं ठेवा, टेबलावरून घसरायला सोपं जातं. काडी थोडी लांब ठेवली की कोपर सरळ होतं. पुढे जमेल तसं काडी उचलून पेल्यात उभी ठेवायची. काडी ठेवताना मूठ सोडावी लागते, आणि नानांचं अडलंय तेच.

स्माइली बॉल आणून दिला असेलच कुणीतरी. तो कपाटात ठेवा. मूठ वळतेच आहे, दाबून दाबून ती आणखी घट्ट होईल. नानांना शिकायचंय ते उघडायला.

बोटं थोडी उघडायला लागली की त्यांची स्वतःची छाटणीची कात्री आणा. तिला स्प्रिंग असते, दाबून सोडली की ती स्वतःच उघडते आणि बोटांना सोबत घेऊन उघडते. आधी कात्री हातात देऊन बघा, नुसती. डोळे मिटून तिचा थंडपणा कळतो का, कुठे टोचलं तर जाणवतं का, हे फिजिओने तपासल्याशिवाय पातं उघडू नका. मग सगळ्यात बारीक, हिरवट काडी. तुम्ही किंवा आईंनी काडी धरायची, त्यांनी कापायची. दिवसाला दहा, मग वीस. किती कापल्या ते नानांनीच मोजावं, मोठ्याने. तेवढीच बोलण्याची तालीम.

भावाचं दुसरं काम याहून महत्त्वाचं. रोज सकाळी बागेतून त्याने व्हिडिओ कॉल करायचा. मोबाईल तुम्ही टेबलावर स्टँडला लावा, नानांच्या उजव्या हाताच्या टोकापासून वीतभर लांब. भावाने एकेक वेल दाखवायचा आणि विचारायचं, 'नाना, ही काडी ठेवू का काढू?' नानांनी उजवा हात पुढे करून पडद्यावर बोट दाखवायचं, किंवा बोट निघत नसेल तर मूठ टेकवायची, आणि शब्द बोलायचा: 'काढ.' 'ठेव.' एका ओळीत पन्नास वेल दाखवले तर पन्नास वेळा हात पुढे गेला आणि पन्नास शब्द बाहेर आले. आणि हा खोटा प्रश्न नको, बरं का. नाना म्हणतील तशीच काडी कापली गेली पाहिजे. त्यांना उगाच रमवताय असं एकदा जरी वाटलं, तर ते पुन्हा हात पुढे करणार नाहीत. दोन-चार घड कमी आले तरी चालतील.

शेजारीपाजारी सांगतील, डावा हात बांधून ठेवा म्हणजे उजवा चालेल. ही पद्धत खरी आहे, अमेरिकेत २२२ रुग्णांवर तपासली गेली आणि २००६ मध्ये छापून आली. पण ती ज्यांचं मनगट आणि बोटं स्वतःहून बऱ्यापैकी उघडतात त्यांच्यासाठी. नानांच्या डाव्या हातात काठी आहे, तो बांधला तर ते पडतील. पुढे कधी बघू. सध्या एवढंच करा की भरवणं थांबवा. भाकरीचा तुकडा त्यांनी डाव्या हाताने मोडला तरी उजवा हात ताटाशेजारी टेबलावर हवा, मांडीत लपलेला नको.

उठवताना उजवा हात धरून कधीही ओढू नका. खांद्याचे स्नायू ढिले आहेत, सांधा खाली उतरतो आणि मग महिनोन्महिने दुखतो. कमरेला पट्टा बांधून त्याला धरा. चष्म्याच्या सिटिंगमध्येही खांद्यात कळ आली की थांबायचं.

आईंना सांगा, हलक्या हाताने तेल लावायला माझी ना नाही, पण मूठ जोर लावून उघडायची नाही आणि खांदा रगडायचा नाही. गावी नेलं तरी बीपीच्या आणि डॉक्टरांनी दिलेल्या इतर गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, आणि कुणाच्याही काढ्यासाठी त्या बंद करायच्या नाहीत. फिजिओ तुटेल असं जाणंही सध्या नको. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते आणि नानांना आता आठ आठवडे होताहेत. तीन महिन्यांनी दार बंद होतं असं मात्र कुणी सांगितलं तर घाबरू नका. वेग मंदावतो, काम चालू राहतं. वर्षाने पहिल्यांदा बटण लावलेली माणसं मी पाहिली आहेत.

रजेचं म्हणाल, तर दिवसभर तुम्ही घरी असण्याची गरज नाही. सकाळचा कॉल तुम्ही ऑफिसला निघण्याआधी, दुपारच्या काड्या आईंसोबत, संध्याकाळी सिटिंग.

महिनाभर हे करा आणि रविवारी एकदा बाजूने व्हिडिओ काढून ठेवा: नाना टेबलाशी, पाठ टेकलेली, समोर रिकामा पेला. पहिला या रविवारी. चार झाले की मला पाठवा. पेला स्टीलचा आणि हलका घ्या, काचेचा नको.